विश्लेषण : फिरत्या घराला बॅटरी कोणती? घरच्या इन्व्हर्टरची, एजीएम की लिथियम?

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील कोळिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले. एसी चालावा म्हणून सुरू ठेवलेल्या जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरल्याने हे मृत्यू झाल्याचे तपासातून समोर आले. या वायूला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. गाडीतच झोपायचे, तर रात्रीची वीज कुठून येणार, हा प्रश्न म्हणूनच केवळ सोयीचा राहत नाही. जनरेटर किंवा चालू इंजिन नको असेल तर उरते ती बॅटरी. पण कोणती?

मुंबईकरांना हा प्रश्न आताच का?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले. गाडीतच राहण्याची सोय असलेली वाहने आणि ती उभी करण्यासाठी वीज, पाणी, स्वच्छतागृह असलेली कॅरव्हॅन पार्क, असा त्याचा गाभा आहे. भाड्याने कॅरव्हॅन देणारे व्यावसायिकही आता आहेत. शिवाय स्वतःच्या व्हॅनमध्ये किंवा मोठ्या एसयूव्हीत गादी, पंखा, छोटा फ्रीज बसवून कोकण, दापोली, भंडारदरा गाठणारी हौशी मंडळी आहेतच.

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या रहिवाशांची यात एक वेगळी अडचण आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागाला बेस्टची वीज मिळते आणि ती सहसा जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी जवळपास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, तसे दिवस विरळाच. त्यामुळे राज्याच्या इतर भागांत घरोघरी दिसणारा इन्व्हर्टर आणि त्याची जाडजूड बॅटरी इथल्या अनेक घरांत कधी आलीच नाही. गाडीसाठी घ्यायची बॅटरी ही त्यांची अशी पहिलीच खरेदी असते. मग गावाकडच्या भावाला विचारले जाते आणि उत्तर येते, ‘दीडशे एएचची ट्युब्युलर घे, डोळे झाकून.’ घरासाठी हा सल्ला चांगला आहे. झोपायच्या गाडीसाठी तो चुकीचा आहे.

गाडीत आधीच बॅटरी असते, ती का चालत नाही?

गाडी सुरू करणारी बॅटरी आणि आतल्या संसाराला वीज पुरवणारी बॅटरी यांची कामे वेगळी. पहिलीला काही सेकंद प्रचंड करंट द्यायचा असतो, म्हणून तिच्यात शिशाच्या पातळ आणि अनेक प्लेटा असतात. तिच्यावर रात्रभर पंखा चालवला तर सकाळी स्टार्टर फिरणार नाही, आणि असे काही वेळा झाले की बॅटरी कायमची खराब होते. दुसरीला थोडा थोडा करंट तासन् तास द्यायचा असतो. हिला ‘हाउस बॅटरी’ म्हणतात. दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या हव्यात, आणि एक उतरली तर तिने दुसरीला सोबत ओढू नये अशी जोडणी हवी. एवढे ठरले की मगच प्रकार निवडण्याचा प्रश्न येतो.

किती वीज लागते?

दुकानात जाण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा. चार जणांचे एक कुटुंब धरू. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज ४५ वॅटचा. उकाड्यात तो दिवसाचे निम्मे तास चालतो, म्हणजे ५४० वॅट-तास. पंचवीस वॅटचे दोन पंखे नऊ तास, म्हणजे ४५०. पाच वॅटचे तीन दिवे पाच तास, म्हणजे ७५. चार फोन ६०, लॅपटॉप ६०, पाण्याचा पंप १५. बेरीज १२०० वॅट-तास. घरच्या मीटरच्या भाषेत सव्वा युनिटहूनही थोडे कमी. बारा व्होल्टने भागले की १०० अॅम्पिअर-तास, म्हणजेच बॅटरीच्या लेबलवरचे १०० ‘एएच’.

म्हणजे १०० एएचची बॅटरी पुरेल? नाही, आणि खरी गफलत इथेच होते. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक वापरली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे १०० एएच वापरायचे तर २०० एएचची घ्यावी लागते. लिथियमच्या बॅटरीतून ८० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापर करता येतो. तिथे १५० एएचमध्ये दिवस निघतो आणि हाताशी थोडी शिल्लकही राहते.

लेबलवर आणखी एक अक्षर पाहावे. ‘सी-२०’ लिहिले असेल तर तो आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचा असतो. ‘सी-१०’ म्हणजे दहा तासांत. शिशाच्या बॅटरीतून वीज जितकी घाईने काढावी तितकी एकूण कमी मिळते. जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये हे गणितात बसवले. त्यामुळे सी-२०ची १५० एएच आणि सी-१०ची १५० एएच या सारख्या बॅटऱ्या नव्हेत. दुसरी अधिक दमदार. मिक्सर किंवा इंडक्शन शेगडीसारखी जड उपकरणे चालवणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर का नको?

शिसे आणि आम्ल यांच्या बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. ट्युब्युलर हा तिचाच दणकट अवतार. बाल्कनीत ठेवायची, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर टाकायचे, काही वर्षे चालवायची आणि शेवटी भंगारात देऊन वर चार पैसे मिळवायचे. घरात याहून किफायतशीर काही नाही.

गाडीत मात्र तिचे तीन दोष उघडे पडतात. पहिला वायूचा. चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगीही पुरते. बाल्कनीत तो उडून जातो; काचा लावलेल्या गाडीत, सीटखालच्या बंद खोक्यात तो साठू शकतो. दुसरा आम्लाचा. कशेडी किंवा आंबा घाटातली वळणे आणि महामार्गावरचे खड्डे यांत पाण्याची बॅटरी हिंदकळते. सांडलेले आम्ल पत्रा खाते, कातडीही. तिसरा वजनाचा. दीडशे एएचची भरलेली ट्युब्युलर साठ किलोच्या आसपास जाते. घट्ट न बांधलेले असे वजन करकचून ब्रेक दाबल्यावर थेट पुढच्या सीटवर येऊ शकते.

शिशातच राहायचे तर एजीएम किंवा जेल घ्यावी. एजीएममध्ये आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते, जेलमध्ये ते घट्ट लगद्यासारखे असते. दोन्ही सीलबंद असल्याने पाणी टाकायचे नाही, सांडायची भीती नाही आणि सुस्थितीत वायूही जवळपास बाहेर पडत नाही. मात्र चार्जरचे व्होल्टेज त्याच प्रकाराला साजेसे हवे. जास्त व्होल्टेजने जेल कायमची बिघडते, आणि दाब वाढला की सीलबंद बॅटरीची झडपही उघडते. त्यामुळे थोडे वायुवीजन इथेही ठेवावेच.

लिथियम म्हणजे नेमके काय?

‘लिथियम’ हे एका बॅटरीचे नाव नाही, ते एका घराण्याचे नाव आहे. फोन, लॅपटॉप आणि अनेक विजेऱ्या गाड्यांत निकेल-मँगनीज-कोबाल्टसारखी रसायने असतात. कमी जागेत जास्त वीज हा त्यांचा गुण. पण बिघडल्यास त्या लवकर आणि भडकून पेटतात. कॅम्पिंगच्या गाड्यांसाठी वापरली जाते ती लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालेले जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये या रसायनावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. यात ऑक्सिजन फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असतो. बॅटरी तापली तरी तो सहजी सुटत नाही, त्यामुळे आग पसरण्याचा धोका बराच कमी होतो.

कमी, शून्य नव्हे. सेल फुटला तर एलएफपीमधूनही ज्वलनशील वायू निघतो. म्हणून बीएमएस ही आतली नियंत्रक पाटी महत्त्वाची. जास्त चार्ज, जास्त उतरणे, शॉर्ट सर्किट, अति उष्णता यांपैकी काही झाले की ती बॅटरी बंद करते. सुट्या किंवा जुन्या गाड्यांतून काढलेल्या सेलची जुळणी करून स्वस्तात दिलेल्या पॅकमध्ये नेमकी हीच पाटी हलकी असण्याचा धोका असतो. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग सहज मिळतात, पण पाठीशी डोके टेकून झोपायची बॅटरी ही हात साफ करून घेण्याची जागा नव्हे.

तीन हजार वेळा चार्ज होते, हा दावा किती कामाचा?

एलएफपी विकताना पहिले वाक्य हेच असते : शिशाची काही शे वेळा, ही दोन-तीन हजार वेळा. दावा साधारण खरा आहे. पण वर्षाकाठी वीस रात्री गाडीत काढणारे कुटुंब दहा वर्षांत बॅटरी दोनशे वेळाच उतरवेल. त्यांच्यासाठी तीन हजारांचा आकडा निरर्थक आहे.

त्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दुसऱ्याच. शहर भागातली गाडी आठवडेच्या आठवडे गल्लीत उभी असते. अर्धवट उतरलेली शिशाची बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि बॅटरी न वापरताच म्हातारी होते. त्यात उष्णतेची भर. साधारण नियम असा, की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते. मे महिन्यात उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून किती तापते ते सांगायला नको. एलएफपीला अर्धवट चार्जवर पडून राहणे उलट मानवते. निम्मी भरून, मुख्य स्विच बंद करून ठेवली की महिन्या-दोन महिन्यांनी ती फारशी न उतरलेली सापडते. उष्णता तिलाही आवडत नाही, म्हणून जागा इंजिनापासून आणि थेट उन्हापासून दूरच हवी.

वजनाचा फरकही मोठा. वरच्या हिशेबासाठी शंभर एएचच्या दोन एजीएम लागतील, म्हणजे सुमारे साठ किलो. तेच काम दीडशे एएचची एक एलएफपी वीस किलोच्या आत करते.

किंमत पहिल्या खरेदीत लिथियमचीच जास्त. पण तुलना लेबलवरच्या एएचशी करू नये. शंभर एएचच्या एजीएममधून हाती लागतात साधारण ६०० वॅट-तास, तेवढ्याच एलएफपीमधून हजाराच्या वर. दोन्हींची किंमत या ‘वापरता येणाऱ्या’ आकड्याने भागून पाहिली की चित्र बदलते.

चार्ज कुठे करायची?

दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या खरेदीचा निकाल इथे लागतो. उपनगरातल्या सोसायटीत पार्किंगमध्ये प्लग पॉइंट मिळू शकतो. गिरगावच्या वाडीत किंवा लालबागच्या चाळीसमोर रस्त्यावर उभ्या गाडीला वीज द्यायची कुठून? तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणे धोक्याचे आणि बेकायदाही.

पहिला मार्ग आहे चालत्या गाडीचा. अल्टरनेटरपासून हाउस बॅटरीपर्यंत ‘डीसी-टू-डीसी चार्जर’ बसवायचा. नव्या बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे थेट वायर जोडून बॅटरी पूर्ण भरेलच असे नाही. उलट रिकामी एलएफपी एकदम इतका करंट ओढते, की अल्टरनेटरच तापतो. तीस अॅम्पिअरचा चार्जर तासाला सुमारे ४०० वॅट-तास भरतो. म्हणजे तीन तासांच्या प्रवासात वरच्या कुटुंबाचा एक दिवसाचा खर्च निघतो. मुंबई ते चिपळूण अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर बॅटरी भरून मुक्कामी पोहोचते. एलएफपी शेवटपर्यंत जवळपास त्याच वेगाने भरते. शिशाची मात्र शेवटचे वीस टक्के भरायला कित्येक तास घेते. छोट्या प्रवासांत ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि पुन्हा तेच सल्फेट.

दुसरा मार्ग सौर पॅनेलचा. टपावरचा दोनशे वॅटचा पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला ७०० ते ८०० वॅट-तास देतो. पण चाकरमानी गावी निघतात ते गणपतीत, म्हणजे भाद्रपदात, आणि तेव्हा कोकणात आभाळ भरलेले असते. त्या दिवसांत याच्या एखाद-चतुर्थांशावरच हिशेब धरावा. सौरऊर्जा हिवाळ्या-उन्हाळ्यातली जोड आहे, पावसाळ्यातला आधार नव्हे.

तिसरा मार्ग बॅटरी वर, खोलीत नेण्याचा. त्यासाठी हँडल असलेले ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ मिळते. साधारण एक युनिट साठवणाऱ्या पेटीचे वजन दहा ते पंधरा किलो असते. वायरिंग नाही, गाडीत बदल नाही. पण इथे वसई विसरू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. चाळीच्या एका खोलीत, जिथे बाहेर पडायला एकच दार आणि पुढे लाकडी जिना, तिथे नियम कडकच हवेत. पेटी एलएफपीचीच घ्यावी. चार्जर सोबत आलेलाच वापरावा. चार्जिंग दिवसा, कुणी जागे असताना, दारापासून आणि अंथरुणापासून दूर करावे. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी घरात आणूच नये.

आणि एसी?

एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात सरासरी ६०० वॅट घेतो असे धरले तरी आठ तासांचे ४८०० वॅट-तास होतात. मधली गळती मिळवून शंभर एएचच्या पाच-सहा एलएफपी बॅटऱ्या लागतील. एवढी वीज दोनशे वॅटच्या पॅनेलने भरायला कडक उन्हाचा जवळपास आठवडा जाईल. त्यामुळे एसी हवा तर मुक्काम वीजजोड असलेल्या कॅरव्हॅन पार्कमध्ये किंवा रिसॉर्टच्या आवारात करावा. नाहीतर दोन पंखे, जाळीच्या खिडक्या आणि घाटमाथ्याची हवा. इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून बंद गाडीत झोपणे हा पर्याय यादीत असूच नये.

जोडणी करताना काय पाहायचे?

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पण व्होल्ट कमी म्हणजे तेवढ्याच कामाला करंट जास्त. हजार वॅटचा इन्व्हर्टर बारा व्होल्टवर ९० ते १०० अॅम्पिअर खेचतो. त्याला तांब्याची २५ ते ३५ चौरस मिलिमीटरची केबल लागते. घरच्या प्लगची अडीच चौरस मिलिमीटरची वायर तिथे हीटरच्या तारेसारखी तापेल. लोहार चाळीत केबल घेताना वॅट सांगण्याऐवजी अॅम्पिअर आणि लांबी सांगावी. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवा. बॅटरी लोखंडी चौकटीत, पट्ट्याने आवळलेली असावी. एलएफपीचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखेच राहते, त्यामुळे साध्या व्होल्टमीटरवरून शिल्लक कळत नाही. आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजणारा मॉनिटर बसवावा. लडाख-मनालीला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज केल्यास ती कायमची खराब होते.

कायद्याचे भानही हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मंजुरीशिवाय वाहनाच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. सीट काढून पलंग बसवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हींकडे विचारणा करावी.

मग कोणाला कोणती?

वर्षातून एक-दोनदाच जाणाऱ्यांनी बॅटरी विकतच घेऊ नये. कॅरव्हॅन भाड्याने घ्यावी. घेताना तीन प्रश्न विचारावेत : हाउस बॅटरी कोणत्या प्रकारची आणि किती वॅट-तासांची, रात्रीचा एसी कशावर चालतो आणि गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी गाडी पाहावी.

गाडी तीच, घरची, आणि गरज पंखा-दिवे-फोनपुरती असेल तर एलएफपीचे पोर्टेबल पॉवर स्टेशन पुरे. फ्रीज हवा असेल, आणि तो इन्सुलिनसारख्या औषधासाठी असेल तर हवाच, तेव्हा १५० एएचची एलएफपी आणि डीसी-टू-डीसी चार्जर ही जोडी सर्वांत भरवशाची. खर्चाला हात आखडता असेल आणि गाडीला नियमित चार्जिंगची जागा असेल तर एजीएम आजही चुकीची नाही. पाण्याची ट्युब्युलर गावच्या घरात ठेवावी; तिथे तिच्याइतकी कामाची दुसरी नाही.

आणि बाद झालेली बॅटरी? शिशाची भंगारवाला आनंदाने घेतो, लिथियमची त्याच्याकडे देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे खरेदीच्या पावतीबरोबरच ‘परत कुठे द्यायची’ हेही दुकानदाराकडून लिहून घ्यावे.